साथीचे दिवस आणि मोहाची दारू

इ. स. २०२० मध्यें होळीचा सण ९ मार्च रोजीं आला. सातपुड्याच्या डोंगरांत आणि पायथ्याशीं राहणाऱ्या भिल्ल, पावरा, मावची, कोंकणी इत्यादि लोकांना होळीसारखा दुसरा सण नाहीं. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी हें एके काळचें मेहवासी संस्थान. तेथील होळीला दूरदूरचीं माणसें ढोल वाजवीत येतात आणि रात्रभर नाचतात. त्याच ९ मार्चला पुण्यास महाराष्ट्रांतील कोरोनाचे पहिले दोन रोगी सांपडले. पुढें पंधरा दिवस लोटले, आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीं सबंध देशाला टाळें पडलें. शाळा, कचेऱ्या, देवळें, आगगाड्या यांच्याबरोबर दारूचीं दुकानेंही मिटलीं.

त्याच दिवसांत नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरांत मोहाचीं फुलें गळत होतीं. फाल्गुन आणि चैत्र हा मोहाचा हंगाम. पहांटे झाडाखालीं फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा पडतो. बायका आणि मुलें टोपल्या घेऊन तो वेंचतात. सरकारी हुकुमानें दुकान बंद झालें; झाड मात्र कोणाच्या हुकुमानें बंद होणारें नव्हतें. दुकान मिटलें म्हणजे दारू सुटते काय, हा प्रश्न त्या वर्षीं साऱ्या जगापुढें उभा राहिला. सातपुड्याला तो नवा नव्हता. गेल्या शंभर वर्षांत या मुलुखानें दारू अनेकदां सोडली आणि अनेकदां पुन्हां धरली. एकदां तर ती सोडण्याचें निमित्त साथीचा रोग हेंच होतें. तो इतिहास ध्यानांत घेतल्यावांचून २०२० चा अर्थ लागत नाहीं.

नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. मधून तापी वाहते, उत्तरेच्या कडेला नर्मदा, आणि दोहोंच्या मध्यें सातपुडा. २०११ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार भरली. तींत दोनतृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी. या लोकांच्या घरांत मोह हें केवळ दारूचें झाड नाहीं. त्याचें फूल वाळवून मनुकेसारखें साठवितात, भाजून खातात, दुष्काळांत त्यावर दिवस काढतात. बियांचें तेल निघतें. वाळलेलीं फुलें चार-पांच दिवस पाण्यांत भिजवून आंबवावींत, मडक्यांत घालून चुलीवर चढवावींत आणि निघणारी वाफ थंड करून थेंब थेंब उतरवावी, म्हणजे दारू होते. हें काम बहुधा बायका करतात. जन्म, लग्न, मरण, पेरणी, देवाचें देणें, या प्रत्येक प्रसंगीं पूर्वजांच्या नांवानें जमिनीवर दारूची धार सोडल्याशिवाय विधि पुरा होत नसे. असें पिणें प्रसंगापुरतें असे, आणि तें चारचौघांत असे. एकट्यानें कोनाड्यांत बसून रोज पिण्याची रीति मागाहून आली.

ती कशी आली, हें पाहण्यासारखें आहे. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा झाला. घरोघरच्या भट्ट्या गुन्हा ठरल्या. सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्टींतून दारू गाळावी, मक्तेदारानें ती विकावी आणि तिच्यावरील कर तिजोरींत पडावा, अशी व्यवस्था झाली. ज्या माणसाच्या अंगणांत मोहाचें झाड होतें, त्याला आतां दुकानांतून पैसे टाकून दारू आणणें भाग पडलें. हातीं रोकड नसेल तर उधारी, आणि उधारी फिटेपर्यंत दुकानदाराच्या शेतावर मजुरी. दक्षिण गुजराथेंत तर दारूचा दुकानदार, सावकार आणि जमीनदार या तिन्ही भूमिका पुष्कळदां एकाच माणसाकडे असत. खानदेशांतही आदिवासींच्या जमिनी ज्या वाटांनीं गेल्या, त्यांत दारूची उधारी ही एक वाट होती. सरकारला त्यांतून उत्पन्न मिळे. म्हणून दारूबंदीची भाषा ही त्या काळीं सरकारविरोधी भाषा समजली जाई.

आतां १९२२ सालची गोष्ट. त्या वर्षाच्या आरंभास पालघरकडील समुद्रकांठच्या कोळी वस्तींत देवीची, म्हणजे फोड्यांची, साथ आली. देवीचा कोप शांत व्हावा म्हणून कोळ्यांनीं विधि मांडला. कोणाच्या तरी अंगांत देवी येई आणि तिच्या तोंडून आज्ञा निघत. हा विधि समुद्रकांठ सोडून घाट चढला, आणि नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यांतून, पश्चिम खानदेश आणि डांग या भागांतून पुढें बडोदें संस्थानांत व सुरत जिल्ह्यांत पसरला. वाटेंत त्याचें रूप पालटलें. रोगाची देवी आतां ‘सलाबाई’ झाली आणि ती रोगापेक्षां दारूविषयींच अधिक बोलूं लागली. दारू-ताडी पिऊं नका, मांस-मासे खाऊं नका, रोज स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करूं नका, असें देवीचें सांगणें असे. गांवोगांवचे लोक मांडवाखालीं जमत, अंगांत आलेल्यांच्या तोंडचे शब्द ऐकत आणि तेथेंच, सर्वांसमक्ष, शपथ घेत. नोव्हेंबर १९२२ मध्यें या लाटेनें सुरत जिल्हा व्यापला. लोकांनीं कोंबड्या-बकऱ्या सोडून दिल्या, दारूचीं भांडीं फोडलीं, आणि दुकानांवर गिऱ्हाईक फिरकेनासें झालें. कांहीं ठिकाणीं देवीच्या आज्ञांत महात्मा गांधींचें नांव आणि खादी हींही आलीं.

या प्रकाराकडे शिक्षितांनीं त्या वेळीं कौतुकानें किंवा उपहासानें पाहिलें. पण त्यांतील व्यवहार सूक्ष्म होता. साथ आली असतां मनुष्य भ्यालेला असतो आणि भ्यालेला मनुष्य संवयी बदलण्यास तयार असतो. ही तयारी एकेकट्याची राहिली तर भीति ओसरतांच जिरून जाते. सलाबाईच्या मांडवाखालीं ती साऱ्या गांवाची झाली. दारू सोडणाराला शेजारी पाहत होता, आणि शेजाऱ्याला तो. उद्यां पुन्हां प्यायला बसावें तर कोणाबरोबर बसावें, हाच प्रश्न होता.

तरी ही शपथ सर्वांनीं पाळली असें नाहीं. वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ लोक जुन्या वाटेवर परतले. दक्षिण गुजराथेंतील चौधरी लोकांत तर दोन तट पडले: ज्यांनीं वर्ज्य केलें ते ‘वरजेला’, आणि जे परतले ते ‘सरजेला’. पण वरजेल्यांचीं घरें पुढेंही टिकून राहिलीं; शाळा, सूत आणि सभा यांच्याकडे त्यांचा ओढा राहिला. शपथ मोडते, ही इतिहासाची एक शिकवण. ती सगळ्यांची मोडत नाहीं, ही दुसरी.

पंधरा वर्षांनीं खुद्द आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत तशीच दुसरी लाट उठली. तळोदा तालुक्यांतील मोरवड येथील गुलाम महाराज हे स्वतः भिल्ल. १९३७-३८ च्या सुमारास त्यांच्याभोंवतीं लोक जमूं लागले. सोमवारीं आरती होई; तिला सातपुड्याच्या दऱ्यांतून हजारों स्त्रीपुरुष चालत येत. महाराजांचा उपदेश थोडक्यांत होता: दारू सोडा, चोरी करूं नका, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. या शेवटच्या शब्दांतच त्या चळवळीचें मर्म होतें. ज्या माणसाला जन्मभर अरेतुरेखेरीज दुसरी हांक ऐकूं आली नाहीं, त्याला शेजारी ‘आप’ म्हणून नमस्कार करतो, तेव्हां रस्त्यांत झिंगून पडण्याची त्याला लाज वाटूं लागते. दारू सोडण्याची शक्ति त्याला या मानांतून मिळाली. चळवळीला लोक ‘आप धर्म’ म्हणूं लागले. जुलै १९३८ मध्यें गुलाम महाराज वारले आणि त्यांचें काम त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं चालविलें. मोरवडला पुढें रंजनपूर हें नांव मिळालें.

याच काळांत मुंबईचें सरकारही दारूबंदीकडे वळलें होतें. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळांतील डॉ. गिल्डर यांनीं १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. महाराष्ट्रांत तो पुढें सैल होत गेला, इतका कीं शासन दारूवरील करावर विसंबूं लागलें. तरी दारू पिण्यास परवाना लागतो, हा नियम कागदावर राहिला. १९६० सालीं गुजराथ वेगळें झालें आणि त्यानें बंदी कायम ठेवली. त्यामुळें नंदुरबार जिल्ह्याची पश्चिम सीमा ही ओल्या आणि कोरड्या मुलुखाची सीमा झाली. नवापूरच्या आगगाडीच्या स्थानकावर तर एकाच फलाटाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत आणि कांहीं गुजराथेंत आहे. सीमेच्या एका बाजूस जें उघड विकतात तें दुसऱ्या बाजूस लपून विकतात. पिणारा दोन्हींकडे आहेच.

कायद्यानें जें झालें नाहीं तें शहाद्याच्या बायकांनीं काय केलें, हेंही सांगितलें पाहिजे. १९७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राला हादरविणारा दुष्काळ होता. शहादे-तळोदें भागांत अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनीं गेलेल्या जमिनी व शेतमजुरी यांचा लढा उभारला होता. १९७३ च्या सुमारास मजूर बायकांचें शिबिर भरलें. तेथें मजुरीच्या प्रश्नाबरोबर बायकांनीं घरांतला प्रश्न काढला: नवरा मजुरी दारूंत घालवितो आणि वर मारतो. बोलणें तेथेंच थांबलें नाहीं. बायका जमावानें निघाल्या, गुत्त्यांवर गेल्या आणि त्यांनीं दारूचीं मडकीं फोडलीं. गांवोगांव हा क्रम चालला. येथेंही बळ एकीचें होतें; एकटी बाई आपल्या नवऱ्याचें मडकें फोडूं शकत नाहीं, पन्नास बायका पन्नास नवऱ्यांचीं फोडूं शकतात.

एवढी पार्श्वभूमि ध्यानांत घेऊन आतां पुन्हां २०२० कडे वळावें. टाळेबंदीनें प्रौढ माणसांच्या पिण्याचे तीन भाग केले. जे चार मित्रांत, समारंभांत किंवा उपाहारगृहांत क्वचित् पीत, त्यांचें पिणें बैठकीबरोबर आपोआप थांबलें. कित्येकांना त्याची आठवणही झाली नाहीं. दुसरा वर्ग साठा करून ठेवणारांचा. त्यांचें पिणें घरांत आलें. पूर्वी जें मुलांबाळांच्या नजरेआड होई तें आतां दोन खोल्यांत त्यांच्यासमोर होऊं लागलें, आणि कामाच्या वेळेचा बंध सुटल्यामुळें संध्याकाळची वाट पाहण्याचेंही कारण उरलें नाहीं. तिसरा वर्ग पुरते व्यसनाधीन झालेल्यांचा. ज्या शरीराला वर्षानुवर्षें रोज दारू मिळाली, त्याला ती एकाएकी मिळेनाशी झाली म्हणजे हात कांपतात, घाम फुटतो, झोप जाते, कांहींना झटके येतात आणि दोन-चार दिवसांत भ्रमही होतो. हा शरीराचा विकार आहे, त्याला वैद्याचा उपचार लागतो. आणि त्या दिवसांत दवाखाने साथीनें भरले होते.

केरळांत दुकानें बंद होतांच व्यसनी माणसांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. तेथील सरकारनें मार्चच्या अखेरीस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला. डॉक्टरांनीं त्यास विरोध केला आणि उच्च न्यायालयानें तो स्थगित केला. दक्षिण आफ्रिकेनें साथीच्या काळांत दारूची विक्रीच बंद केली, तेव्हां रुग्णालयांतील मारामाऱ्यांचे व अपघातांचे जखमी एकदम घटले. उलट ब्रिटनमध्यें घरपोंच आणि दुकानी विक्री चालू होती. तेथें २०२० सालीं निव्वळ मद्यामुळें ओढवलेले मृत्यु ८,९७४ झाले, म्हणजे आधल्या वर्षाहून सुमारें १९ टक्क्यांनीं अधिक. थोडें पिणारे सुटले आणि फार पिणारे अधिक बुडाले, असा त्या वर्षाचा हिशेब अनेक देशांत लागला.

महाराष्ट्रांत मेच्या पहिल्या आठवड्यांत दुकानें उघडण्यास मुभा मिळाली. मुंबई-पुण्यास पहांटेपासून इतक्या लांब रांगा लागल्या कीं मुंबईच्या महापालिकेला दोन दिवसांतच तीं पुन्हां मिटवावीं लागलीं. १५ मेपासून परवानाधारकांना घरपोंच दारू देण्याची सोय झाली. दिल्लीनें दारूवर ७० टक्के ‘कोरोना’ कर बसविला, तरी रांग हटली नाहीं. या रांगांची चेष्टा पुष्कळ झाली. पण त्या रांगेंत तिजोरीही उभी होती, हें थोड्यांनींच पाहिलें. १८७८ मध्यें सरकारनें दारूशीं जें नातें जोडलें तें इतक्या वर्षांनींही तुटलेलें नव्हतें. आणि जेथें दुकान नाहीं आणि रांगही नाहीं, तेथें माणसें कोठवर जातात, याचा दाखला यवतमाळ जिल्ह्यांतील वणीनें दिला. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या टाळेबंदींत तेथें दारू मिळेना म्हणून हातावर चोळण्याचें सॅनिटायझर प्यायलेल्यांपैकीं सात जण दगावले.

सातपुड्यांत चित्र याहून वेगळें होतें. तेथील पुष्कळ कुटुंबें दिवाळीनंतर ऊंसतोडीला आणि मजुरीला गुजराथेंत जातात. टाळेबंदीनें कामें थांबलीं आणि माणसें मिळेल त्या वाटेनें घरीं परतलीं. हातांत रोजगार नाहीं, बाजार बंद, आणि झाडाखालीं फुलें. वाळलेलीं मोहाचीं फुलें विकून मीठ-मिरचीचा पैसा व्हावा तर व्यापारी येत नाहीं. अशा वेळीं घरांत सांठलेल्या फुलांना चुलीचीच वाट उरते. शहरांत टाळेबंदीनें दारू दुर्मिळ केली. डोंगरांत दारूचा कच्चा माल उंबऱ्यावर होता.

त्या दिवसांत या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड. शेजारच्या धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांतलें सामोडें हें त्यांचें गांव, आणि ते स्वतः भिल्ल समाजांतले. जन्मापूर्वींच वडील वारले; आई मोहाची दारू गाळून विकी आणि त्यावर घर चाले. झोंपडींत प्यायला येणारीं माणसें लहान मुलाला फरसाण आणावयास पिटाळीत आणि वर कांहीं नाणीं देत. त्या नाण्यांतून पुस्तकें येत. हें सारें त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मकथेंत सांगितलें आहे. हा मुलगा डॉक्टर झाला, सनदी अधिकारी झाला, आणि १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा आपल्या सहीनें बजावण्याची पाळी त्याच्यावर आली. पुढें प्राणवायूच्या वेळींच केलेल्या तयारीबद्दल नंदुरबारचें नांव देशभर झालें. परंतु दारूच्या इतिहासांत त्यांची गोष्ट निराळ्या कारणानें महत्त्वाची आहे. दारू विकणारी आई आणि तीच दारू पिऊन कंगाल होणारा शेजारी, हे दोघेही एकाच दारिद्र्याचीं रूपें आहेत, ही गोष्ट हुकुमाच्या कागदावर उमटत नाहीं. मडकें फोडणें सोपें आहे. फुटलेल्या मडक्याच्या जागीं त्या बाईच्या हातीं काय द्यावयाचें, हें ठरविणें कठीण. राज्य शासनानें मे २०२१ मध्यें मोहफुलें गोळा करण्यावरील आणि बाळगण्यावरील बंधनें सैल केलीं, त्याचें मोल या दृष्टीनें आहे. फुलाला खाद्य म्हणून भाव आला तर चुलीकडे जाणारी वाट आपोआप अरुंद होईल.

१९२२ आणि २०२०, दोन्ही वेळां रोगाची भीति होती, दोन्ही वेळां दारू बंद झाली. फरक एकाच गोष्टीचा आहे. १९२२ सालीं साथीनें माणसांना एका मांडवाखालीं जमविलें. २०२० सालीं साथीनेंच त्यांना जमूं दिलें नाहीं, आणि त्या रोगाचें स्वरूप पाहतां तें योग्यच होतें. परंतु जमाव गेला तसा शपथेचा मांडवही गेला. सलाबाईचा विधि, मोरवडची आरती, शहाद्याचें शिबिर, या तिन्हींत माणूस दुसऱ्याच्या साक्षीनें सुटला. अमेरिकेंत १९३५ पासून चाललेल्या व मुंबई-पुण्यांतही रुजलेल्या मद्यपी-मित्रमंडळांची रीति वेगळी नाहीं: चार माणसांत उभें राहून आपली गोष्ट सांगावयाची आणि आजचा दिवस न पिण्याचें वचन द्यावयाचें. टाळेबंदींत त्या मंडळांनाही आपल्या बैठकी दूरध्वनीवर आणि पडद्यावर न्याव्या लागल्या, त्या याचसाठीं.

महाराष्ट्राच्या कायद्यांत या गोष्टीची ओळख आहे. गांवांतील निम्म्याहून अधिक मतदार बायकांनीं ‘आडवी बाटली’ या चिन्हावर शिक्का मारला तर दारूचें दुकान बंद करावें लागतें. हुकुमानें मिटलेलें दुकान हुकुमानें उघडतें, हें मे २०२० च्या रांगांनीं दाखविलें. बायकांनीं एकत्र येऊन आडवी केलेली बाटली उभी करण्यास मात्र साऱ्या गांवासमोर पुन्हां उभें राहावें लागतें, आणि तें धैर्य दुकानदाराला सहसा होत नाहीं.

दर वर्षीं फाल्गुन येईल आणि सातपुड्यांत मोह गळेल. तें फूल कोणाच्या घरांत अन्न म्हणून जाईल, कोणाच्या घरांत पूर्वजांच्या धारेसाठीं, आणि कोणाच्या घरांत रोजच्या विसराळूपणासाठीं. त्यांतील निवड एकट्या माणसावर सोपवून शेजारी दार लावून बसले, तर ती कोणत्या बाजूस पडते, हें टाळेबंदीच्या त्या दोन महिन्यांत घराघरांतल्या बायकांमुलांनीं पाहिलें आहे.